निंगच्या आजोबांशी बोललेल्या माणसांचा शोध घेण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. नगरप्रमुख,
लिंगवान नगर कार्यालय,
लिंगवान.
(मार्फत : स्वच्छता विभाग)

अर्जदार : शाओ यु-चिन, विभागप्रमुख, जाहिरात संकल्पन विभाग, लिंगवान व्यावसायिक उच्च माध्यमिक विद्यालय.

विषय : सागरी रस्त्यावर एका भित्तिपत्रकाच्या प्रती लावण्यास परवानगी मिळणे, तसेच विद्यार्थिनी कु. खो ई-निंग हिचा बंद करण्यात आलेला दूरध्वनी क्रमांक पुन्हा सुरू होणे, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या स्वच्छता विभागाची नोटीस, प्रकार ‘विनापरवाना जाहिरात (जलशुद्धी यंत्रे व पेयजल विक्री)’.
२) त्या नोटिशीनुसार ‘परिसर-स्वच्छता प्रबोधन वर्गा’स हजर राहण्याचा आदेश.
३) माझे तोंडी निवेदन व त्यावर आपल्या कार्यालयाचा शेरा, ‘नोंद घेतली’.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय लिहिते की, मी या विद्यालयात गेली अनेक वर्षे मुलांना ग्राफिक डिझाइन शिकवते. दुकानांच्या पाट्या, खाऊच्या खोक्यांवरची चित्रे, देवळाच्या उत्सवाची पत्रके, अशी आमच्या मुलांच्या हातची कामे आपल्या नजरेखालून रोज जात असतील. सरकारी कागद लिहिण्याचा सराव मला नाही. या अर्जात काही ठिकाणी माणसांचे बोलणे जसे झाले तसेच उतरवले आहे. ‘संबंधिताने असे कथन केले’ अशा रीतीने लिहून पाहिले होते, पण मग कोण बोलतंय तेच समजेना. तरी क्षमा असावी.

१. खो ई-निंग ही आमच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सगळे तिला निंग म्हणतात. तिचे वडील काऊशुंग शहरात इमारतींच्या लोखंडी सांगाड्याचे काम करतात आणि सुट्टी मिळेल तेव्हा गावी येतात. आई ती लहान असतानाच घर सोडून गेली. तिला वाढवले ते आजोबांनी, म्हणजे श्री. खो मू-शेंग यांनी. त्यांनी जन्मभर लोकांची माशांची तळी राखली. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि पाणी सोडायचे की अडवायचे ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती. अलीकडे त्यांची आठवण जात चालली होती. घरात ते जवळजवळ बोलेनासे झाले होते. निंग शाळेत म्हणायची, “आमच्या घरात दोघंच बोलतात. मी आणि टीव्ही.” ती हसून म्हणायची, म्हणून आम्हीही हसायचो.

२. नोव्हेंबरात वारा उत्तरेकडून सुटला, त्या सुमारास एके दिवशी निंग शाळेतून घरी गेली तर दार सताड उघडे. आजोबांच्या चपला उंबऱ्यापाशी होत्या आणि आजोबा नव्हते. तळ्यावर जाताना घालायचे रबरी बूट चढवून ते निघून गेले होते.

पोलीस चौकीने त्याच संध्याकाळी ‘बेपत्ता व्यक्ती’ असे पत्रक काढले. चौकीबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु पत्रकावर ओळखपत्राचा जुना फोटो होता. केस काळेभोर, गळ्यात टाय, आणि खाली बारीक अक्षरांत उंची, वजन, रक्तगट. दुसऱ्या दिवशी निंग ते पत्रक घेऊन वर्गात आली. “अगं, आज शाळेत कशाला आलीस?” असे मी विचारले. ती म्हणाली, “बाबा आलेत, ते शोधतायत. मला म्हणाले, तू येऊन काय करणार? बाई, मला एवढंच येतं.” असे म्हणून तिने पत्रकावर बोट ठेवले.

३. त्या दिवशी कौशल्य परीक्षेच्या सरावासाठी अननसाच्या वड्यांचे खोके सजवायला दिले होते. ते मी बाजूला ठेवायला सांगितले. यात अभ्यासक्रमाचा भंग झाला असल्यास त्याची जबाबदारी माझी आहे.

वर्गात फांग जुन-येन नावाचा एक तोंडाळ मुलगा आहे. तो पत्रक बघून म्हणाला, “हे तुझे आजोबा? हा तर बँकेचा मॅनेजर दिसतोय. याला कोण शोधणार? लोक कर्ज चुकवून पळतील.”

मी त्याला रागावणार तोच निंगच म्हणाली, “खरंय. तो टाय फोटोवाल्याचा होता. गळ्यात होता तेवढा वेळ आजोबांनी श्वासच घेतला नव्हता.” आदल्या दिवसापासून ती पहिल्यांदा हसली, असे तिच्या मैत्रिणीने मला नंतर सांगितले.

मी मुलांना जे शिकवते ते फार मोठे शास्त्र नाही. बघणारा कुठून बघतो, किती वेळ बघतो, आणि बघून झाल्यावर त्याने काय करायचे, एवढे आधी ठरवा, मग रंगाला हात लावा. आम्ही ते पत्रक व्हरांड्याच्या भिंतीला लावले आणि मुले सायकलवरून त्याच्यासमोरून गेली. कोणालाही ‘बेपत्ता’ या शब्दापलीकडे काही वाचता आले नाही.

“पण लोकांना त्यांचं तोंड दिसणारच नाही,” निंग म्हणाली. “ते चालत असतील. स्कूटरवाल्याला पाठच दिसणार ना.” मग तिने आजोबा पाठमोरे काढले. गवती टोपी, वाकलेली पाठ, एक हात मागे कमरेवर, पायात बूट. मी त्यांना चार-दोन वेळाच पाहिले होते, पण रस्त्यात ओळखले असते.

“आणि दिसले तर लोकांनी काय करायचं?” मी विचारले.

“फोन करायचा,” कोणीतरी म्हणाले.

“फोन लावेपर्यंत ते निघून जातील,” निंग म्हणाली. “नाव घेऊन हाक मारली की घाबरतात. हात धरला की झटकतात.”

“मग खायला द्यायचं,” जुन-येन म्हणाला.

“तू थांबशील खायला दिलं तर. ते नाही थांबणार.” मग निंग म्हणाली, “पाण्याबद्दल विचारलं की थांबतात. गल्लीतून एखादा तळेवाला चालला असेल आणि त्यानं नुसतं म्हटलं, काय हो, यंदा पाणी कसंय? की त्याची तासभर सुटका नाही.”

अशा रीतीने ते भित्तिपत्रक तयार झाले. पाठमोरे आजोबा. त्यावर ठळक अक्षरांत : ‘यांना पाण्याबद्दल विचारा.’ खाली : ‘ते थांबतील. तोवर मला फोन करा. मी त्यांची नात.’ आणि तिचा क्रमांक. बाकी काही नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या कामांत याहून चांगले काम मी पाहिलेले नाही. हे मी शिक्षिका म्हणून लिहीत आहे, दयेपोटी नव्हे.

शाळेच्या छपाई यंत्रात क्रीडादिनाची नारिंगी शाई तेवढी उरली होती, म्हणून पत्रके नारिंगी निघाली. मुलांनी ती सायकलींवरून नेऊन सागरी रस्त्याच्या खांबांना, बस थांब्यांना, पंपघरांना, पार दक्षिण टोकापर्यंत चिकटवली. परवानगी घेतली नव्हती हे मान्य आहे. त्या दिवशी ते कोणाला सुचले नाही.

४. आणि फोन येऊ लागले. पहिला शू-ह्वा मावशींचा होता. त्या उत्तर धक्क्यापाशी रस्त्याकडेला बसून कालवांचे शिंपले फोडतात. निंगने फोन वर्गात सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता. मावशी म्हणाल्या, “अगं बाई, हा म्हातारा काल माझ्यापाशीच बसला होता की! मी सहज म्हटलं, पाणी गढूळ झालंय, तर मलाच शिकवायला लागला. चाळीस वर्षं कालवं फोडतेय मी! तासभर बोलला. माझी टोपली तशीच राहिली.”

“मावशी, कुठं गेले मग?”

“दक्षिणेला. वाऱ्याकडं पाठ करून. अगं, गोड बोलतात हो तुझे आजोबा.”

निंगने माझ्याकडे बघितले. तिला काही कळेना असे तिचे तोंड झाले होते.

मग एका बसचालकाचा फोन आला, मग एका देवळाच्या राखणदाराचा. राखणदाराने त्यांना रात्री गोधडी दिली होती, सकाळी पेज दिली होती आणि त्या बदल्यात देवळामागच्या डबक्याबद्दल पुष्कळ ऐकून घेतले होते. प्रत्येक फोन आधीच्यापेक्षा एक गाव दक्षिणेचा. जुन-येनने फळ्यावर रस्ता काढून त्यावर खुणा केल्या. आधीचे लोक ‘काल’ म्हणत होते, राखणदार ‘आज सकाळी’ म्हणाला. जुन-येन खडू हातात घेऊन ओरडला, “बाई, आपण गाठतोय त्यांना!” वडिलांनी भाड्याने गाडी घेतली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर एकही मूल घरी जायला उठले नाही.

५. त्याच सुमारास आपल्या नगराची परिसर-सौंदर्य तपासणी होती. तपासणी समिती येण्याआधी आपल्या पथकाने सागरी रस्त्यावरची सर्व पत्रके काढली आणि नियमाप्रमाणे त्यांवरचा क्रमांक बंद करण्यास फोन कंपनीस कळवले. कंपनीने तो ताबडतोब बंद केला. आपले कार्यालय इतक्या तत्परतेने काम करते याचे एरवी मला कौतुक वाटले असते.

निंगला हे समजले नाही. शाळेत आणि घरात इंटरनेट असल्याने तिला मैत्रिणींचे संदेश येत होते, म्हणून फोन चालू आहे असेच आम्ही समजलो. फक्त वाजायचा थांबला. तो का वाजत नाही याचा अर्थ आम्ही आमच्या परीने लावला. रस्त्यावर कोणाला दिसत नाहीत त्याअर्थी ते आत वळले असणार, उसाच्या शेतांकडे. निंगचे वडील, शेजारी, मुले, मी, सगळे आत गेलो. उसात शिरून हाका मारल्या. नाव घेऊन हाक मारू नका असे निंग सगळ्यांना सांगत होती, म्हणून लोक शेताच्या कडेला उभे राहून “पाणी कसंय हो? पाणी कसंय?” असे ओरडत होते.

मू-शेंग आजोबा समुद्राच्या बाजूलाच होते.

६. रस्त्याच्या दक्षिण टोकाला श्री. थू वान-फू यांची माशांची तळी आहेत. त्यांच्या पंपघराच्या आतल्या भिंतीवर एक पत्रक राहिले होते, कारण पथकाला ते बाहेरून दिसले नाही. आम्ही उसात शोधत होतो त्या दुपारी आजोबा त्यांच्या बांधावरून चालले होते. थू यांनी पाठ बघून ओळखले आणि पत्रकात सांगितले होते तसेच केले. पाण्याबद्दल विचारले. आजोबा थांबले, बसले, बोलू लागले. थू त्यांच्याशी बोलता बोलता निंगचा क्रमांक लावत राहिले. ‘आपण लावलेला क्रमांक सेवेत नाही.’ त्यांना वाटले, आपल्यालाच आकडे नीट दिसत नाहीत. चष्मा लावून पुन्हा लावला. पुन्हा तेच. शेवटी “बसा हं, चहा घेऊन येतो” असे सांगून ते स्कूटरवर गावच्या मुखियाकडे गेले. मुखियाला घेऊन परत आले तेव्हा बांधावर कोणी नव्हते.

पोलिसांना फोन का केला नाही, असे त्यांना चौकीत विचारण्यात आले. ते म्हणाले, “कागदावर नातीचा नंबर होता. आजोबा सापडले हे आधी नातीला सांगायचं असतं ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा कालव्याच्या दरवाज्यापाशी पाण्यात सापडले.

७. यानंतर आपली नोटीस आली. तीत निंगचे नाव ‘जाहिरातदार’ या रकान्यात आणि व्यवसाय ‘जलशुद्धी यंत्रे व पेयजल विक्री’ असा आहे. निंगच्या वडिलांना वाटले, पत्ता चुकून दुसऱ्याचे पाकीट आले. ते घेऊन त्यांनी शेजारी कोणी पाण्याची यंत्रे विकतो का म्हणून दारोदार विचारले. क्रमांक का बंद झाला आणि केव्हा बंद झाला, हे त्या नोटिशीतून आम्हाला प्रथम समजले. निंगने ती तारीख वाचली. मग नोटीस घडी घालून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, “बाई, फोन येत होते तर मग.”

मी आपल्या कार्यालयात आले. तेथील लिपिक श्री. शियाओ हे सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली. आमचे बोलणे असे झाले.

“मॅडम, मोठ्या अक्षरात पाणी लिहिलंय, खाली फोन नंबर. असे कागद आमच्याकडं पोती भरून येतात. मोठी अक्षरं बघायची आणि गठ्ठे लावायचे.”

“पण खालची ओळ?”

“खालची ओळ कोण वाचतं, मॅडम?”

महोदय, हेच वाक्य मी वर्गात मुलांना सांगत असते. मी म्हटले, “निदान प्रकार तरी दुरुस्त करा.”

“करतो की. पण यादीत तीनच प्रकार आहेत. घरं-जमिनी, कर्ज, आणि विक्री व सेवा.”

“हरवलेल्या माणसासाठी काही नाही?”

“नाही. फार तर विक्री काढतो आणि सेवा ठेवतो.”

“कसली सेवा?”

श्री. शियाओ यांनी पत्रक उलटेसुलटे करून पाहिले, मग ते पहिल्यांदा पूर्ण वाचले. वाचून ते बराच वेळ माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी त्यांनी कागदावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारला.

क्रमांक सुरू करायचा तर जाहिरातदाराने प्रबोधन वर्गास हजर राहणे आवश्यक आहे, असे त्यांनी सांगितले. आपण दिलेली वर्गाची वेळ आजोबांच्या मृत्यूनंतर सातव्या दिवशी करायच्या विधीच्या सकाळी होती. वडील म्हणाले, “काही जायला नको, मी बघतो त्यांच्याकडं.” निंग म्हणाली, “बाबा, नंबर सुरू होतो म्हणतात.” आणि ती गेली. दंडावर सुतकाची तागाची चिंधी लावून ती घरे विकणाऱ्यांच्या आणि कर्जाची पत्रके चिकटवणाऱ्या पोरांच्या मध्ये बसली. व्याख्यात्याने नगर विद्रूप कसे होते याची चित्रे पडद्यावर दाखवली. त्यात एक नारिंगी खांब होता.

शेजारी बसलेला माणूस तिला हळूच म्हणाला, “ते नारिंगी कुणी केलंय गं? आमच्यापेक्षा भारी आहे. थांबून बघावंसं वाटतं.”

“मी,” निंग म्हणाली.

“मग विकली का यंत्रं?”

तिने मान हलवून नाही म्हटले. वर्ग संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन ती बस पकडून विधीला पोचली.

ते प्रमाणपत्र आम्ही सादर केले. त्यावर आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की, प्रकार ‘विक्री’ असल्याने आता व्यवसाय कायमचा बंद केल्याचा दाखला जोडावा. असा दाखला व्यवसायाची नोंदणी असलेल्यालाच मिळतो. नोंदणी करावी, मग बंद करावी, असे आम्हाला सुचवण्यात आले आहे. निंग अल्पवयीन असल्याने तिला नोंदणी करता येत नाही. वडिलांच्या नावे करावी तर जाहिरातदार निंग आहे.

८. नवा क्रमांक का घेत नाही, असा प्रश्न आपणास पडणे स्वाभाविक आहे. मलाही पडला होता. निंगने जे सांगितले ते लिहिते.

“बाई, आजोबा माझ्याशी बोलायचे नाहीत. मी विचारायची, जेवलात का, तर नुसतं बघायचे. आणि तिकडं रस्त्यावर सगळ्यांशी बोलले. तासतासभर बोलले. मावशींशी, बसवाल्याशी. ते काय बोलले ते मला हवंय. लोकांकडं तोच नंबर आहे. कुणीतरी कागद ठेवला असेल घरात. कधीतरी लावतील आणि सेवेत नाही म्हणून ऐकतील.”

तिने आता दुसरे भित्तिपत्रक केले आहे. चित्र तेच ठेवले आहे. त्यावर : ‘यांनी तुम्हाला पाण्याबद्दल काय सांगितलं?’ खाली : ‘मला सांगा. मी त्यांची नात.’ मी तिला म्हटले की, पाणी हा शब्द पुन्हा मोठा टाकलास तर पुन्हा गठ्ठ्यात जाईल. ती म्हणाली, “शब्द काढला तर ज्यांनी त्यांना बघितलंय ते ओळखणार नाहीत. कार्यालयासाठी नाही करत मी हे.” शिक्षिका म्हणून मला तिचे चुकले असे म्हणता आले नाही.

९. गेल्या आठवड्यात श्री. थू स्वतः शाळेत आले. बर्फात घातलेले मासे पिशवीत, टोपी हातात. आपल्याला दोष द्यायला बोलावतील त्याआधी आपणच जावे, असे बहुधा त्यांच्या मनात होते. वर्गाच्या दारातच उभे राहून म्हणाले, “चहाला जायला नको होतं मी. चहा कसला सुचला मला.”

निंग जागेवरून उठली. “काका, ते काय म्हणाले?”

थू यांना आधी समजलेच नाही. मग ते आठवून आठवून सांगू लागले. या वाऱ्यात लहान मासे वर येतात, तेव्हा त्यांना खायला घालायचे नाही. पाण्याचा दरवाजा ओहोटीला उघडायचा, भरतीला उघडतो तो गाढव. तुझं पाणी फार खारट आहे, म्हणाले. “मला गाढव म्हणाले ते,” थू म्हणाले, आणि मुले हसली, निंगही हसली. थू यांना त्यामुळे जरा धीर आला असावा. ते पुढे म्हणाले, “मग ऊन उतरलं तसे उठायला लागले. मी म्हटलं, बसा हो, घाई कसली? तर म्हणाले, नातीची बस यायची वेळ झाली. भात टाकायचाय. आल्या आल्या तिला भूक लागते.”

जुन-येनने तोंड खिडकीकडे केले.

“माझं नाव घेतलं?” निंगने विचारले.

थू विचार करत राहिले. हो म्हणणे सोपे होते. पण तो माणूस खरा आहे. “नाव नाही घेतलं, पोरी. नात म्हणाले.”

“बरं,” निंग म्हणाली. मग तिने आपली खुर्ची ओढून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सांगितले.

१०. तरी महोदयांस विनंती की,

(अ) क्रमांक पूर्ववत सुरू करण्याविषयी फोन कंपनीस लेखी कळवावे.

(आ) नोटिशीतील ‘जलशुद्धी यंत्रे व पेयजल विक्री’ हे शब्द काढावेत. त्या जागी लिहायला योग्य शब्द आपल्या यादीत नसेल तर जागा कोरी ठेवावी.

(इ) सोबतच्या दुसऱ्या भित्तिपत्रकाच्या प्रती सागरी रस्त्याच्या बस थांब्यांवर चांद्र नववर्षापर्यंत लावण्यास परवानगी द्यावी. त्यानंतर आमची मुले त्या स्वतः काढतील आणि खांब धुऊन देतील.

आपल्या पथकातील कोणावरही कारवाई व्हावी अशी माझी किंवा खो कुटुंबाची इच्छा नाही. निंगच्या वडिलांनी हे मुद्दाम लिहायला सांगितले आहे. ते परत काऊशुंगला कामावर गेले आहेत. निंग सध्या माझ्याकडे राहते.

परवानगी देणे नियमात बसत नसेल तर तसे कळवावे, म्हणजे आम्ही भिंतीला, खांबाला किंवा थांब्याला कागद लावणार नाही. अशा वेळी शनिवार-रविवारी मुले भित्तिपत्रक हातात धरून सागरी रस्त्यावर उभी राहतील. हातात धरलेल्या कागदाविषयी नियमांत काही लिहिलेले नाही, हे मी तपासून घेतले आहे. उभे राहण्याच्या जागा मुलांनी आपसांत वाटून घेतल्या आहेत. वारा फार असल्याने एकेका कागदाला दोघे लागतात. निंगबरोबर मी असेन.

उत्तराची वाट पाहत,
नम्रपणे,

(सही)
शाओ यु-चिन

लिंगवान
गणराज्य वर्ष ११२ (सन २०२३), १८ डिसेंबर

सोबत : नोटिशीची प्रत, प्रबोधन वर्गाचे प्रमाणपत्र, दोन्ही भित्तिपत्रकांची प्रत्येकी एक प्रत, श्री. थू वान-फू यांचे सहीचे निवेदन.